पहिलं नको

बहीण-भावाचं नातं इतकं पवित्र आहे की त्याच्या नुसत्या स्पर्शानं माणसाच्या मनातले सगळे विकार गळून पडतात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ही केवळ श्रद्धा नव्हती, तसा ठराव झाला होता. सूचक, अनुमोदक आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर' अशा शेऱ्यासकट तो सभेच्या वहीत लिहिलेला मी स्वतः पाहिला आहे. त्याच्या वरचा ठराव पाण्याच्या टाकीच्या झाकणाचा होता.

ठरावाला कारण झाली माझी मैत्रीण. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही दोघी सतरा वर्षांच्या, नुकतीच बारावी दिलेल्या. ती दुसऱ्या मजल्यावर राहायची, मी तिसऱ्या. आणि समोरच्या विंगमध्ये 'तो' राहायचा. एकोणीस वर्षांचा, कॉमर्सला, कॅरममध्ये पहिला येणारा आणि दिसायला बरा. त्या दोघांचं जमलं होतं. त्यांच्या चिठ्ठ्या वाचनालयाच्या पुस्तकांतून इकडून तिकडे नेण्याचं काम माझ्याकडे होतं. जाता-येता मी पुस्तकंही वाचत असे, आणि तिथेच घोटाळा झाला. मी वाचत होते त्या कादंबऱ्यांतले नायक सगळे संशयी, तापट आणि मनानं चांगले असत. नायिका दोनशे पानं रडायची आणि शेवटी त्याच्याशीच लग्न करायची.

त्यामुळे ते सुरू झालं तेव्हा मला ते ओळखू आलं नाही. मोकळे केस आवडत नाहीत, असं त्यानं तिला सांगितलं. मग इस्त्रीवाल्याशी हसून बोलू नकोस म्हणाला. मग एकदा गिरणीतून येताना जिन्यात गाठून विचारलं, "दळणाला पाऊण तास कसा लागतो?"

"गर्दी होती रे."

"मी बघून आलोय. दोनच डबे होते."

तिनं हे मला सांगितलं तेव्हा मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "किती काळजी करतो गं तुझी!" हे वाक्य मी आजही कुणासमोर उच्चारत नाही, पण लिहायला हरकत नाही. ती "हो ना" म्हणाली आणि दळणाला आईला पाठवू लागली.

तिला नकाशे काढायचा नाद होता. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागे तिनं आमची अख्खी इमारत काढली होती. जिना इतका हुबेहूब की दुसऱ्या मजल्यावरची फुटकी पायरीसुद्धा त्यात होती. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका संस्थेत ड्राफ्ट्समनचा कोर्स असतो हे तिला कुठूनसं कळलं आणि ती वेडावली. त्याला तिनं ते आनंदानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात सहाच्या जागी चार बांगड्या होत्या आणि मनगटावर निळे वळ.

"दारात अडकला हात," तिनं घरी सांगितलं. घरच्यांना पटलं. तळमजल्यावरच्या नर्सकाकूंना पटलं नाही.

नर्सकाकू ठाण्याच्या एका सरकारी दवाखान्यात होत्या. घर छोटं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि दाराची कडी दिवसा कधीच लावलेली नसायची, कारण कुणाचं ना कुणाचं बोट कापलेलं असायचं. त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं, उजेडात फिरवून पाहिलं आणि मलम लावता लावता म्हणाल्या, "दाराला चार बोटं असतात होय गं?"

तिनं हात ओढून घ्यायला पाहिलं. मी बुद्धाच्या तसबिरीकडे बघू लागले.

"नको सांगूस. आमच्या वॉर्डात रोज एक तरी बाई जिन्यावरून पडलेली येते. मला कधी कधी वाटतं, ठाण्यात इतके जिने आहेत तरी का?"

त्या रात्री नाही, पण दोन दिवसांनी तिनं मला सांगून टाकलं, "मला नकोय हे आता. पण सांगू कसं? चिडेल तो."

"गच्चीवर बोलाव आणि सरळ सांग," मी म्हणाले. माझा हा आयुष्यातला पहिला शहाणा सल्ला. ती संध्याकाळी गच्चीवर गेली, त्याला "आपण आता भेटायला नको" असं म्हणाली, आणि तेवढ्यात टाकीचं झाकण बसलंय का ते बघायला सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. म्हणजे दोघं रंगेहाथ पकडली गेली ती नेमकी संबंध तोडताना.

सेक्रेटरी मंत्रालयातून निवृत्त झाले होते, पण मंत्रालय त्यांच्यातून निवृत्त व्हायला तयार नव्हतं. त्यांनी तातडीची सभा बोलावली. एकानं दोघांचं लग्न लावून टाका म्हटलं. दुसऱ्यानं पोलिसांत कळवू या म्हटलं. तिचे वडील स्वतःच्या चपलांकडे बघत बसले होते. तिला सभेत बोलावलं नव्हतं. सभासद नव्हती ना. शेवटी सेक्रेटरींनी सुवर्णमध्य काढला. राखीपौर्णिमा पुढच्याच आठवड्यात होती. मुलीनं मुलाला राखी बांधायची, विषय संपला.

आणि बांधली. तेव्हा स्पंजच्या राख्या निघाल्या होत्या, बशीएवढ्या. सेक्रेटरींनी त्यातली सर्वांत मोठी आणली. वासना आणि वात्सल्य या विषयावर ते चाळीस मिनिटं बोलले. ओवाळणीचं तबक माझ्या हातात होतं. खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले होते. सगळं किती छान मिटलं, असंच मलाही वाटलं.

भावाला अधिकार असतात, ही गोष्ट ठराव करताना कुणाच्या लक्षात आली नव्हती.

आधी त्याला जिन्याखाली, टाकीमागे, लपूनछपून चौकशी करावी लागायची. आता तो पुढच्या दारानं येऊ लागला. तिची आई त्याला चहा द्यायची. पाटावर बसून, चहा बशीत ओतून तो विचारायचा, "मावशी, ही दुपारी कुठे गेली होती?" आणि मावशी सांगायची. कॉलेजातल्या एका मुलानं तिला वही परत दिली, तर यानं त्याला फाटकात अडवून "माझी बहीण आहे ती" म्हणून कॉलर धरली. सोसायटीत कौतुक झालं. सेक्रेटरी म्हणाले, "बघा, नातं माणसाला कसं घडवतं."

एकदा तिनं धीर करून त्याला म्हटलं, "तू माझा भाऊ नाहीयेस."

"मग राखी कशाला बांधलीस?"

ठराव वहीत होता. भाऊ रीतसर होता.

दिवाळीनंतर नर्सकाकूंनी मुलींसाठी रविवारी दुपारी प्रथमोपचाराचा वर्ग काढला. आयांनी आनंदानं पाठवलं; मुलगी पट्टी बांधायला शिकली तर कुणाला नको आहे? आम्ही सात-आठ जणी होतो. अर्धा तास खरोखरच पट्ट्या. मग काकूंनी मोठं ताट भरून चिवडा आणला.

"आता मी वाढणार. तुम्हाला नको असला तर नको म्हणायचं. एवढंच."

सोपं होतं. त्या माझ्यापुढे आल्या. मी म्हणाले, "नको काकू."

"घे गं, थोडासा."

"नको, खरंच."

"अगं घरी केलाय, माझ्या हातचा. मला वाईट वाटेल हां."

मी बशी पुढे केली. एकीमागून एक सगळ्यांनी केली. एकीनं तर दुसऱ्याच वेळी केली आणि वर "शेंगदाणे जास्त घाला" म्हणाली.

काकू ताट घेऊन मधोमध बसल्या आणि पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "बघा पोरींनो. आपल्याकडे पहिलं नको लाजेचं असतं. दुसरं नको मानाचं असतं. आणि तिसऱ्यापर्यंत कुणी थांबतच नाही. जन्मापासून आपण हेच बघतो. पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतो. तो पानावर हात धरतो, आपण हातावर वाढतो. मग मोठं झाल्यावर एखाद्या पोराला तुमचं नको ऐकू आलं नाही, तर आपल्याला नवल वाटतं."

"पण आग्रह नाही केला तर लोक नावं ठेवतात ना काकू," कुणीतरी म्हणालं.

"ठेवू देत. उपाशी कुणी मेलेलं मी बघितलं नाही अजून. आमच्या वॉर्डात तरी नाही."

मग पाळी उलटी. आता आम्ही वाढायचं, आणि समोरचीनं पहिल्यांदा नको म्हटलं की थांबायचं. हे त्याहून अवघड निघालं. माझा चमचा आपोआप पुढे जायचा. काकू माझ्या मनगटावर टिचकी मारायच्या, "थांब. ऐकलंस ना? मग विचारायचं, पाणी देऊ का? संपलं." आणि शेवटी त्यांनी सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं, "माणूस पारखायचा असेल तर मोठ्या गोष्टीची वाट बघू नका. आइस्क्रीमला नको म्हणा. फिरायला नको म्हणा. मग त्याचं तोंड बघा. थोडा रुसला तर चालेल. रुसणं माणसाचं लक्षण आहे. पण ज्याला तुमचं पहिलं नको ऐकूच येत नाही, त्याला पुढची शंभर पण येणार नाहीत."

गृहपाठ असा होता की आठवड्यात घरी एकदा तरी नको म्हणायचं आणि त्यावर ठाम राहायचं. मी मंगळवारी रात्री दुसऱ्यांदा भात नको म्हणाले. आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला. वडिलांनी पेपर खाली केला. आजीनं दृष्ट काढली. पण भात वाढला नाही.

पुढे नव्वदच्या दशकात हाच तास काकू शाळांमधून घेऊ लागल्या. मुलांसाठीही. एकदा माजिवड्याच्या एका शाळेत मी त्यांच्याबरोबर गेले होते. दहावीची मुलं-मुली इतकी रंगली की शिपाई दारात उभा राहून ऐकत होता. कार्यक्रम संपल्यावर सत्कार. काकू म्हणाल्या, "शाल नको." मुख्याध्यापक म्हणाले, "असं कसं?" काकू पुन्हा म्हणाल्या, "खरंच नको." मुख्याध्यापकांनी माइकवरून त्यांच्या विनम्रतेची प्रशंसा केली आणि शाल घातली. पुढच्या रांगेतली एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "सर, त्या नको म्हणाल्या." तिला वर्गाबाहेर उभं केलं. काकू परतताना रिक्षात म्हणाल्या, "एक तरी पास झाली."

हे नंतरचं. त्या वर्षी मात्र माझ्या मैत्रिणीचा गृहपाठ काही होत नव्हता. दर रविवारी काकू विचारायच्या आणि ती मान खाली घालायची. जानेवारीत कोर्सचा फॉर्म आला. त्यावर पालकांची सही हवी होती आणि एकतीस तारखेच्या आत तो संस्थेत पोचायला हवा होता. ती बॅच चुकली की पुढची सहा महिन्यांनी, आणि सहा महिन्यांत तिच्या आईच्या मनात तिच्या लग्नाचं काय काय आलं असतं ते सांगता येत नव्हतं. वडील सही करणार होते. पेन शोधत होते म्हणे. तेवढ्यात हा आला, पाटावर बसला.

"काका, वागळे इस्टेट म्हणजे कारखान्यांचा भाग. सगळी पोरंच पोरं. वर्गातसुद्धा. मी जाऊन बघून आलोय. भाऊ म्हणून सांगतो, बाकी तुमची मर्जी."

तिचे वडील सरळ गृहस्थ. ते म्हणाले, "भाऊ म्हणून सांगतोय तर विचार करायला हवा." आणि फॉर्म टेबलाच्या काचेखाली सरकवला. रोज जेवताना तिला तो उलटा दिसायचा.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत सत्यनारायण असायचा, आणि गच्चीवर पंगत. पत्रावळी, मसालेभात, मठ्ठा, जिलबी. वाढायला तरुण मुलं. सेक्रेटरी मधून फिरत ओरडायचे, "आग्रह होऊ द्या! आग्रह होऊ द्या!" माझी मैत्रीण माझ्या शेजारी बसली होती, समोरच्या रांगेत तिचे वडील आणि काकू. तो जिलबीचं ताट घेऊन आमच्या रांगेत आला.

ती म्हणाली, "नको."

"घे गं. भाऊ वाढतोय."

"नको म्हटलं ना."

तिनं पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. त्यानं हसत हसत एक जिलबी तिच्या हातावर ठेवली. रांगेत हशा झाला. पंगतीतला हा जुनाच विनोद आहे, दर वर्षी व्हायचा, आणि दर वर्षी हात मागे घेऊन लोक जिलबी खायचे. तिनं हात मागे घेतला नाही. जिलबी दोन बोटांनी उचलली आणि परत त्याच्या ताटात ठेवली. पाक त्याच्या बाहीवर सांडला.

"मी पहिल्यांदाच नको म्हणाले होते," ती म्हणाली. आवाज मोठा होता. "कोर्सचंही तुला कुणी विचारलं नव्हतं. मी जाणार आहे."

"सगळ्यांसमोर काय तमाशा लावलायस?" असं म्हणून त्यानं तिचं मनगट धरलं. रागानं नव्हे, सवयीनं धरलं. म्हणूनच ते सगळ्यांना कळलं. एखाद्या माणसानं आपल्या घरच्या दाराची कडी धरावी, तसं.

काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "हात सोड रे." ओरडल्या नाहीत. मठ्ठा संपलाय हे सांगावं तशा म्हणाल्या.

त्यानं सोडला. मनगटावर पाकाची चार बोटं उमटली होती. तिचे वडील त्या बोटांकडे बघत होते. मग त्यांनी तिच्या बांगड्यांकडे बघितलं, आणि बहुधा पावसाळ्यातलं ते दार त्यांना आठवलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"राखीच्या आधीपासून."

ते उठले. भरल्या पंगतीतून, सगळ्यांचं जेवण व्हायच्या आधी, उष्ट्या हातानं. आमच्याकडे असं कुणी उठत नाही. सेक्रेटरी "अहो बसा, पंगतीचा अवमान होतो" म्हणत मागे गेले, तोवर ते जिना उतरलेही होते. खाली जाऊन त्यांनी काचेखालून फॉर्म काढला आणि उजवा हात मसालेभातानं माखलेला असल्यामुळे डाव्या हातानं सही केली. ती सही सहीसारखी दिसत नाही म्हणून संस्थेच्या क्लार्कनं फॉर्म परत केला, आणि एकोणतीस तारखेला त्यांना रजा काढून स्वतः ठाण्याला जावं लागलं. तिच्या आईच्या मते लग्नानंतर त्यांनी घेतलेली ही पहिलीच बिनआजारी रजा.

त्याचं पुढे काय झालं, असं लोक विचारतात. काकूंनी त्याला खाली बोलावलं. दोन रविवार आला नाही, तिसऱ्या रविवारी आला. दाराशीच उभा राहून म्हणाला, "काळजी म्हणजे असंच असतं असं वाटायचं मला. आमच्या घरी असंच असतं." काकू म्हणाल्या, "मला ठाऊक आहे तुमच्या घरी काय असतं. तुझी आई तीनदा जिन्यावरून पडलीये. आत ये." त्यानंतर त्यांनी मुलांचाही वर्ग काढला. मुलं नको म्हणण्यात आमच्याइतकीच कच्ची निघाली; सिगरेटला नको म्हणताना त्यांची तीच गत होत होती. माझ्या मैत्रिणीशी मात्र त्यानं पुन्हा बोलायचं नाही, तिच्या दाराशीही यायचं नाही, हे काकूंनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ते त्यानं पाळलं.

राखीचा प्रश्न राहिला. केलेला भाऊ रद्द कसा करायचा, याची तरतूद नियमांत सापडेना. सेक्रेटरींनी तो विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि पंगतीच्या वृत्तांतात एवढंच लिहिलं की कार्यक्रम खेळीमेळीत पार पडला, जिलबी उरली.

ती एक फेब्रुवारीपासून वागळे इस्टेटला जाऊ लागली. वर्गात एकवीस मुलगे आणि ती. त्यातल्या एकानं पहिल्या आठवड्यात चहाला बोलावलं. ती नको म्हणाली. तो म्हणाला, "बरं," आणि आपला एकटा पिऊन आला. हे तिनं मला घरी येऊन तीन वेळा सांगितलं, जणू काही त्यानं तिच्यासाठी डोंगर उचलला होता.

सेक्रेटरींनी आपलं मत सहज बदललं. तो गुण त्यांच्यात होता. आमच्या सोसायटीची ही कन्या उद्या धरणं, पूल आणि राजधान्या रेखाटणार आहे, असं त्यांनी फलकावर खडूनं लिहिलं. सहा महिन्यांनी तिनं एकटीनं काढलेला पहिला नकाशा संस्थेत मंजूर झाला तेव्हा त्यांनी तो सगळ्यांना बघता यावा म्हणून खाली ऑफिसात टेबल मांडायला लावलं. तिच्या वडिलांनी गुंडाळी उलगडली, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले, आणि आम्ही सगळे वाकून बघू लागलो. मापं चोख होती, अक्षर सुरेख होतं. नकाशा सार्वजनिक मुतारीचा होता. पुरुषांच्या.